ऐकेल त्याचा रेडिओ

हल्ली आमच्या भागात एक नवं गिऱ्हाईक हिंडायला लागलंय. पूर्वी यायचं ते जमिनीला. बांधाला गाडी लावायची, काच खाली करायची आणि विचारायचं, "सातबारा कुणाच्या नावावर आहे?" हे नवं गिऱ्हाईक जमिनीचं नाव काढत नाही. ते ओसरीतून आत वाकून बघतं आणि म्हणतं, "काका, जुना रेडिओ आहे का घरात? टेप? कर्ण्याचा ग्रामोफोन? बंद असला तरी चालेल."

बंद असला तरी चालेल! विहिरीवरची मोटर बंद असली तरी चालेल असं म्हणून कुणी घेत नाही, भंगारवाला सोडून. आणि भंगारवाला किलोवर घेतो. हे लोक हजारात देतात. म्हणजे त्यांना वस्तूचं काम नको आहे, वस्तू हवी आहे. ही गोष्ट माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या डोक्यात लवकर शिरत नाही. म्हणून गेली दोन-तीन वर्षं मी या प्रश्नाचा पिच्छा पुरवतोय. जुन्या यंत्रात असं काय आहे की तरणीताठी, शिकलेली, खिशात सगळ्या जगाची गाणी घेऊन फिरणारी पोरं त्याच्यामागे लागलीत?

आमचं कासारसाई हिंजवडीला लागून. तिकडे संगणकाच्या काचेच्या इमारती, इकडे धरण, ऊस आणि भातखाचरं. शनिवार-रविवार तिकडची माणसं इकडे पाणी बघायला येतात. त्यांच्यासाठी रस्त्याला हॉटेलं झाली. त्यातल्या एका हॉटेलात मी भिंतीला टांगलेले कंदील, एक सायकल, दोन जाती आणि पाच रेडिओ मोजले. एका रेडिओचं पोट काढून त्यात मनीप्लँट लावला होता. जात्याच्या तळीवर काच टाकून चहाचं टेबल केलं होतं. माणसं त्यावर कप ठेवून फोटो काढत होती.

हे सगळं आमच्याकडेच चाललंय असंही नाही. पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे एका रेडिओला तीन-तीन माणसं हात लावून उभी असतात. अमेरिकेत तर २०२२ साली सीडीपेक्षा तबकड्या जास्त खपल्या. चार कोटी दहा लाख तबकड्या आणि तीन कोटी तीस लाख सीडी. १९८७ नंतर असं पहिल्यांदाच घडलं. म्हणजे जी वस्तू मेली असं सगळे म्हणत होते, तिने नंतर आलेल्या वस्तूला मागं टाकलं.

काहीजण सांगतात, जुन्याचा आवाज गोड. मला हे पुरतं पटत नाही. लाखेची जुनी तबकडी मी ऐकली आहे. आवाजाच्या आधी खरखर येते, जशी पहिल्या पावसात पाचटावर येते तशी. हो, लाखेचीच. पळसाला, बोरीला, कुसुंबाला एक किडा लागतो, तो जी लाख तयार करतो ती आणि दगडाची भुकटी एकत्र करून त्या तबकड्या बनवत. आपल्या देशात त्या पहिल्यांदा भरल्या १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्याला. गौहरजान गायल्या होत्या. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, की संपलं. रात्रभर राग आळवणाऱ्या गवयाला सांगायचं, बुवा, तीन मिनिटांत आटपा. आणि ऐकणाऱ्यानं चावी भरायची, सुई बदलायची, तबकडी उलटायची, पुन्हा चावी भरायची.

मला वाटतं, खरी ओढ या 'संपलं'ची आहे. मोबाइलवरचं गाणं संपतच नाही. एक सरलं की दुसरं आपोआप सुरू. नातू कानात बोंडं घालून रात्री झोपतो, सकाळी उठतो तरी ते चालूच. तो ऐकतो असं म्हणवत नाही, त्याच्या कानावरून पाणी वाहतं एवढंच. पाट सोडून ठेवला आणि बारं दिलंच नाही तर पिकाला काय मिळणार? पाणी वाफ्यात अडलं पाहिजे. तबकडीचं, रेडिओचं तसं होतं. वेळ ठरलेली, मोजकी. चुकली तर चुकली. म्हणून माणूस कान देऊन बसायचा.

आमच्या घरी रेडिओ आला १९६९ ला. मी आठ वर्षांचा होतो. तात्यांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आंबेमोहोर भात विकून पुण्याहून चामडी कव्हरातला ट्रान्झिस्टर आणला. त्याला चार सेल लागत. सेल महाग, म्हणून उतरले की आई ते पत्र्यावर उन्हात ठेवायची. उन्हानं थोडा जीव येई, तेवढ्यात दोन दिवस निघत. रेडिओचा परवाना पोस्टात काढावा लागे, त्याचं पुस्तक असे आणि तात्या ते पुस्तक जमिनीच्या कागदांच्या पेटीत ठेवत. सकाळी सात पाचला पुण्याच्या प्रादेशिक बातम्या आणि संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम, एवढाच रेडिओ लागे. गाण्यांना सेल जाळायचे नाहीत, हा घरचा कायदा. तो मोडायची मुभा फक्त आषाढी एकादशीला.

१९७१ च्या डिसेंबरात लढाई सुरू झाली तेव्हा आमच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसायची. बातम्या दहा मिनिटांच्या आणि त्यावरचं बोलणं तासाभराचं. कुठलं शहर कुठं आहे हे कुणालाच माहीत नसायचं, तरी जो तो सैन्य हलवायचा. माझे थोरले चुलते खडूनं ओट्यावर नकाशा काढत. तो नकाशा पाकिस्तानपेक्षा मावळचाच जास्त दिसे.

पुढं मोठेपणी एका पुस्तकातून मला कळलं की हे ओट्यावरचं बसणं आमच्या पुणे जिल्ह्यात कुणीतरी मुद्दाम करून पाहिलं होतं, आणि मोजूनही पाहिलं होतं. आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं १९५३ च्या २ ऑक्टोबरला. त्यानंतर १९५६ साली आकाशवाणी आणि युनेस्को यांनी मिळून तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत, म्हणजे पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर इथं, दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक माणसांचं मंडळ केलं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम. ऐकून झाल्यावर रेडिओ बंद करायचा आणि मंडळानं त्यावर बोलायचं. उरलेले प्रश्न पुण्याला लिहून पाठवायचे. त्याची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेनं केली. पॉल नॉयराट नावाचे समाजशास्त्रज्ञ त्यात होते. पाहणीत असं निघालं की जिथं मंडळं होती तिथल्या लोकांचं ज्ञान चांगलंच वाढलं. जिथं नुसता रेडिओ होता, मंडळ नव्हतं, तिथं फार थोडं वाढलं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं. दीडशे गावांतून काढलेला हिशोब माझ्या तात्यांच्या ओट्याला तंतोतंत लागू पडत होता. नुसत्या रेडिओनं काही होत नाही. रेडिओ बंद केल्यावर जी माणसं उठून जात नाहीत, त्यांच्यामुळं होतं.

इथवर आलं की मला तो हॉटेलातला मनीप्लँट चुकीचा वाटायला लागतो आणि जुना काळ सोन्याचा. पण तसं लिहिलं तर ते खोटं होईल. आमच्या ओट्यावर सगळे बसत नव्हते. गावातल्या काही लोकांना तेव्हा ओट्यावर जागाच नव्हती. ते अंगणात, चिंचेखाली उभे राहून बातम्या ऐकत. आवाज त्यांच्यापर्यंत पोचायचा, गूळ-पाणी पोचायचं नाही. आणि बायका? त्या चुलीपाशी. आई आतून म्हणायची, "जरा मोठा करा की, माझ्या भाकरीच्या आवाजात ऐकू येईना." तात्या म्हणायचे, "सेल जातात." लढाईची बातमी आईला रोज उरलेली, कुणीतरी सांगितलेली मिळायची. आज प्रत्येकाच्या हातात आपापला आवाज आहे. कुणाला चिंचेखाली उभं राहावं लागत नाही. हे काही लहान सुख नाही. ज्यांनी उभं राहून ऐकलं त्यांच्या नातवंडांना 'जुने दिवस किती छान' असं सांगायला मी धजणार नाही.

जात्याचंही तेच. मी एकदा आईला हौसेनं म्हटलं होतं, "आई, तू दळताना ओव्या म्हणायचीस, मला आठवत्यात. किती गोड." आई म्हणाली, "तुला निजून ऐकायला गोड लागत्यात. खांदा माझा जायचा." गावात पिठाची चक्की आली त्या दिवशी आईनं चक्कीवाल्याला नारळ दिला होता. जातं तिनं स्वतःच्या हातानं गोठ्याच्या कोपऱ्यात लोटलं. म्हणजे ज्यानं ओढलं त्याला जातं नको असतं, ज्यानं कधी ओढलं नाही त्याला ते टेबलाखाली हवं असतं. जुनी वस्तू सुंदर दिसायला लागते ती तिच्यातले कष्ट गेल्यावरच. चार सेलांची काळजी असताना रेडिओ सुंदर नव्हता, उपयोगाचा होता.

पण जात्याबरोबर ओवीही गेली, आणि ती कुणालाच नकोशी नव्हती. आमच्या मुळशीच्या डोंगराकडच्या गावांत गरीब डोंगरी संघटनेच्या बायका फिरायच्या. त्यांच्याबरोबर पुण्याच्या हेमाताई राईरकर आणि गी पॉइतवाँ हे फ्रान्समधून आलेले गृहस्थ. या लोकांनी ऐंशीच्या दशकापासून गावोगाव जाऊन बायकांच्या ओव्या लिहून घेतल्या. मुळशी-मावळात सुरुवात झाली आणि पुढं महाराष्ट्रातली हजारावर गावं झाली. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल नावाच्या त्यांच्या सोबत्यानं त्यातल्या कितीतरी फितीवर मुद्रित केल्या. नुसती ओवी नाही, कुणी म्हटली तिचं नाव आणि तिचं गाव, हेसुद्धा नोंदवलं. गी पॉइतवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली गेल्या. पण ते काम बुडालं नाही. २०१७ पासून पी. साईनाथ यांच्या 'पारी' या संकेतस्थळावर त्या ओव्या येऊ लागल्या. आता त्या मोबाइलवर ऐकू येतात.

म्हणजे बघा, जातं टेबल झालं, आणि ओवी जगली ती ज्याला आपण नावं ठेवतो त्या मोबाइलमध्ये. जुनं ते चांगलं आणि नवं ते वाईट अशी सरळ रेघ ओढता येत नाही. जुन्या पेटीतून नवं फूल उगवलेलं दिसतं आणि नव्या पेटीत सगळ्यात जुना आवाज सापडतो. मग प्रश्न पेटी नवी की जुनी हा राहत नाही. तिच्यातून जो आवाज येतो त्याचं तुम्ही काय करता, हा राहतो.

याची परीक्षा आमच्याच घरात झाली. मागच्या वर्षी दिवाळीनंतर हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा आला. मूळचा अकोल्याकडचा. त्यानंही विचारलं, "काका, जुना रेडिओ आहे का?" पण एक फरक होता. रेडिओ हातात दिल्यावर त्यानं फोटो काढला नाही, पाठपिशवीतून पेचकस काढला. "उघडू का?" म्हणाला. मी म्हटलं, "उघडा. पंधरा वर्षं बंदच आहे."

तो ओट्यावर मांडी घालून बसला. आत सेल गळून खार चढला होता, पत्र्या हिरव्या पडल्या होत्या. डायलचा दोरा तुटला होता. एक-दोन कंडेन्सर सुकले होते. पावसाळ्यातली आमची हवा यंत्राला चांगली नाही, सगळ्यावर बुरशी धरते. त्यानं पत्र्या घासल्या, बँडचा खटका साफ केला, दोऱ्याचं माप घेतलं आणि पुढच्या रविवारी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून सामान घेऊन आला. मी विचारलं, "तुम्ही एवढे शिकलेले, संगणकावर काम करता. यात काय ठेवलंय?" तो म्हणाला, "काका, आम्ही दिवसभर जे करतो ते हाताला लागत नाही. फोन बिघडला तर टाकून द्यायचा, तो उघडतच नाही. हे उघडतं. कुठं काय आहे ते दिसतं. चुकलं तर कळतं कुठं चुकलं."

हे मात्र मला एका फटक्यात समजलं. लाकडी नांगर मोडला तर सुताराकडे जायची गरज नसे, बाभळीचा तुकडा आणि वाकस असली की काम भागे. ट्रॅक्टर मोडला की मिस्त्रीला फोन लावून बसायचं. माणसाला आपण वापरतो ती वस्तू थोडी तरी आपल्याला कळावी असं वाटतं. न कळणाऱ्या वस्तूंच्या घरात राहणं हे परक्याच्या घरात राहण्यासारखं आहे. सगळं मिळतं, पण हात लावायला भीती वाटते. त्या पोराला रेडिओ नको होता, थोडं मालकपण हवं होतं. ते विकत मिळत नाही, पेचकसानं मिळवावं लागतं.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी रेडिओ बोलला. आधी नुसता गोंगाट. तो पोरगा म्हणाला, "घरातले एलईडी दिवे बंद करा. चार्जरही काढा." दिवे घालवले तशी खरखर ओसरली आणि सातशे ब्याण्णववर पुणे केंद्र लागलं. आम्ही सगळे अंधारात बसलो होतो. सून, नातवंडं, शेजारचे दोघं. काही विशेष चाललं नव्हतं, खताच्या मात्रेबद्दल कुणीतरी बोलत होतं. तरी अर्धा तास कुणी उठलं नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, बघा, रेडिओनं माणसं परत जमवली. तसं म्हणू नका. दुसऱ्या दिवशी शेजारी पुन्हा आले, तिसऱ्या दिवशी एकच आला, चौथ्या दिवसापासून कुणी नाही. मी एकटा सात पाचला ऐकतो. पेटी परत आणता येते, ओटा परत आणता येत नाही. तो रोज नव्यानं भरवावा लागतो, आणि त्याला सवड लागते. ती सवड कुठल्या बाजारात मिळत नाही.

रेडिओ चालू झाल्यावर त्या पोरानं संकोचत विचारलं, "काका, विकणार का? सात हजार देतो." थोरला मुलगा म्हणाला, "द्या की अण्णा. पंधरा वर्षं धूळ खात होता." आमची घरची मंडळी मात्र आतून म्हणाली, "पैसं घ्यायचं असलं तर देऊ नगा. द्यायचाच असला तर पैसं घेऊ नगा."

मी त्या रात्री या वाक्यावर बराच वेळ जागा होतो. सात हजार म्हणजे काही कमी नाहीत, एका खेपेचं खत येतं. रेडिओ तात्यांचा, तात्या गेले. तो आता माझा कसा? वारसानं. जमीनही वारसानंच आली. आमच्या भागात लोकांनी वारसाची जमीन गुंठ्यागुंठ्यानं विकली आणि तिच्या पैशातून बांधलेल्या बंगल्यात आजोबांचा रेडिओ काचेच्या कपाटात ठेवला. मी त्यांना हसत नाही. लग्नं, दवाखाने, पोरांची शिक्षणं, प्रत्येकाच्या घरात काय चाललंय ते ज्याचं त्याला माहीत. पण एवढं दिसतं की जे पोटाला देत होतं ते गेलं आणि जे कपाटात बसतं ते राहिलं. आठवण सांभाळायला सोपी असते. तिला पाणी द्यावं लागत नाही.

मग मला कुळकायदा आठवला. १९४८ चा कायदा आणि १९५७ चा एक एप्रिल, कृषक दिन. तात्या त्याबद्दल नेहमी बोलायचे, कारण आमची खालची दोन खाचरं त्या कायद्यानं आमची झाली. त्याआधी ती पुण्यातल्या एका सावकाराची होती. त्याच्याकडे कागद होता, आमच्याकडे नांगर. कायद्यानं म्हटलं, कसेल त्याची जमीन. कागदापेक्षा हात मोठा ठरला. माझं म्हणणं असं की जुन्या वस्तूलाही हीच कसोटी लावावी. ऐकेल त्याचा रेडिओ. ज्याच्या घरात तो बोलतो त्याचा. वारसाच्या कागदानं तो माझा असेल, पण पंधरा वर्षं मी तो कानाला लावला नसेल, तर त्याच्यावर माझा हक्क त्या सावकाराएवढाच.

हाच नियम मी जमिनीला लावून बघितला, आणि आमच्या भागातले किती सातबारे कोरे होतील या विचारानं झोप आणखीच उडाली. पण नियम अडचणीचा आहे म्हणून तो खोटा ठरत नाही.

सकाळी मी त्या पोराला फोन केला. सांगितलं, "विकत नाही. मी आहे तोवर मी ऐकणार. माझ्यामागं नातवंडांपैकी कुणी ऐकलं तर त्याचा. नाही तर तुमचा, फुकट. मात्र पोटात झाड लावायचं नाही." तो हसला. म्हणाला, "चालेल काका. मधूनमधून सेल बघायला येत जाईन." तो खरंच येतो.

त्याला मी दुसरं एक काम दिलं. माळ्यावर एक टेपरेकॉर्डर आणि पत्र्याच्या डब्यात बावीस कॅसेटी होत्या. १९८६ च्या काकड्याची, आमच्या भजनी मंडळाची, थोरल्या चुलत्यांच्या अभंगांची. टेपचा पट्टा वितळून चिकट झाला होता. कॅसेटीच्या फितीला पांढरी बुरशी. त्यानं नवा पट्टा घातला, फिती हलक्या हातानं पुसल्या आणि बावीसपैकी सतरा कॅसेटी मोबाइलमध्ये उतरवून दिल्या. पाच गेल्या. त्या पाचांत काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही. लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटींचं दुखणं याहून मोठं आहे. ऐंशीच्या दशकात गणपतीला आणि जत्रेला व्हीसीआर भाड्यानं आणून रात्रभरात तीन-तीन सिनेमे बघायची चाल होती, पुढं लग्नंही त्या फितीवर भरली गेली. आता फीत घरोघर आहे आणि लावायला यंत्र नाही. जपानच्या फुनाई कंपनीनं व्हीसीआर बनवणं २०१६ ला थांबवलं, त्यानंतर नवा मिळणं संपलं. ज्याच्याकडे जुना चालू आहे, त्याच्याकडे गावातली निम्मी लग्नं अडकलेली आहेत असं समजा. इथं मात्र जुन्या यंत्राची ओढ ही हौस राहत नाही, ती गरज होते. किल्ली गंजली तर पेटी उघडायची कशानं?

चुलत्यांचा अभंग मी चुलतीला ऐकवला. ती पंच्याऐंशीची आहे. मोबाइल कानापाशी धरून शेवटपर्यंत ऐकला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "मृदंग पुढं पळतोय." मग थोड्या वेळानं, "मधी दोनदा खोकल्यात. तवाच दवाखान्यात न्यायला पायजे हुतं." अडतीस-एकोणचाळीस वर्षांमागचा तो खोकला आम्ही कुणीच ऐकला नव्हता. भजनाला बसलेले वीस जण, फीत भरणारा मी, सगळे अभंग ऐकत होतो. तिनं तो एकदाच ऐकून ओळखला. ऐकणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला देता येणार नाही.

म्हणून ज्यांच्या घरात जुनं यंत्र आहे त्यांना एवढंच सांगणं. शोभेला ठेवायचं तर ठेवा, कुणाला द्यायचं तर द्या, त्यात पाप नाही. पण आधी ते चालू करून बघा. न वापरता ठेवणार असाल तर सेल काढून ठेवा, ते गळतात. कॅसेट एका जागी वर्षानुवर्षं ठेवू नका, मधूनमधून पुढं-मागं फिरवा. पावसाच्या आत, कोरड्या दिवसांत, ज्याला जमतं त्याच्याकडून उतरवून घ्या, आणि कुणाचा आवाज आहे ते नाव-गावासकट लिहून ठेवा, हेमाताईंनी ठेवलं तसं. आणि उतरवून झाल्यावर ते मोबाइलमध्ये पुरून ठेवू नका. घरात जी म्हातारी माणसं आहेत त्यांना एकदा बसून ऐकवा, दिवे घालवून ऐकवा. आपल्याला ऐकू न आलेलं त्यांना काय ऐकू येईल, सांगता येत नाही.